मूत्राश्मरीचे शस्त्रकर्म आणि त्यानंतरचा वैद्य

चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावात वैशाखाच्या उन्हात राबणारा शेतकरी घामाने पाणी गमावतो, आणि गमावतो तितके पीत नाही. मूत्र घट्ट होते, क्षार साठतात आणि कंबरेतून जांघेकडे उतरणारा तीव्र शूल घेऊन तो प्रथम आपल्याच दारी येतो. खडा मोठा असल्यास शस्त्रकर्म शहरात होते. परंतु काही दिवसांतच रुग्ण गावी परततो. पुढील तक्रारींसाठी पुन्हा आपणच त्याचे वैद्य असतो. या नंतरच्या काळाचा विचार आपल्या व्यवसायात पुरेसा होत नाही, असे आम्हांस वाटते.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात अश्मरीचे शस्त्रकर्म सांगताना त्यातील धोका लपविलेला नाही. कुशल वैद्याच्या हातूनही सिद्धी निश्चित नसते, म्हणून औषधोपचार थकल्यावरच शस्त्र हाती घ्यावे, असा त्यांचा अभिप्राय आहे. मूत्रवह व शुक्रवह स्रोतस, सेवनी, गुद, बस्ती आदी आठ स्थाने जपण्यास ते सांगतात. शस्त्रकर्मानंतर बस्तीत रक्त साठू नये म्हणून उष्ण जलाच्या द्रोणीत अवगाह, क्रमाने वाढविलेला आहार आणि वर्षभराचे पथ्य अशी त्यांची योजना आहे. खड्याचे अल्प चूर्ण जरी आत राहिले, तरी ते पुन्हा वाढते, हा त्यांचा इशारा आजही तितकाच खरा आहे.

विसरलेली नळी

आज दुर्बिणीने खडा काढल्यावर वृक्क व बस्ती यांच्यामध्ये पुष्कळदा 'डीजे स्टेंट' ही बारीक नळी ठेवतात. दोन्ही टोकांना वळलेली ही नळी 1978 पासून प्रचारात आली. सूज ओसरेपर्यंत मूत्राचा मार्ग मोकळा ठेवणे, हे तिचे कार्य. बहुधा काही आठवड्यांतच ती काढावयाची असते. ती आत आहे तोवर वारंवार मूत्रप्रवृत्ती, दाह, मूत्रत्यागसमयी कुशीत कळ आणि किंचित रक्त दिसणे संभवते.

नेमका येथेच आपला प्रमाद होऊ शकतो. ही लक्षणे मूत्रकृच्छ्राची समजून आपण गोक्षुरादि गुग्गुळ, चंद्रप्रभा, वरुण, पुनर्नवा यांची योजना करतो. रुग्णास उतार पडतो. खडा गेला, दुखणे शमले, सोयाबीनची सोंगणी तोंडावर आली. मग तपासणीस जाण्याचे राहून जाते आणि डिस्चार्ज कार्ड पेटीच्या तळाशी पडते. नळी मात्र आतच असते. तिच्यावर क्षारांचे थर चढतात, जंतुसंसर्ग होतो, मार्ग पुन्हा रोधला जातो आणि वृक्काची शक्ती हळूहळू क्षीण होते. साध्या दुर्बिणीने निघाली असती, तिच्यासाठी पुन्हा मोठे शस्त्रकर्म करावे लागते. आपल्या औषधाने लक्षण शमले, पण कारण तसेच राहिले, असे हे होऊ नये.

म्हणून मूत्रमार्गाचे शस्त्रकर्म झालेला रुग्ण येताच नाडी पाहण्याबरोबरच त्याचे डिस्चार्ज कार्डही पाहावे. नळी ठेवली आहे काय, काढण्याची तारीख कोणती, हे रुग्णास व घरच्यांस विचारावे आणि ती तारीख आपल्या नोंदवहीत लिहावी. कार्ड हरवले असेल तर उदराचा एक साधा एक्स-रे पुरतो. त्यात नळी बहुधा स्पष्ट दिसते.

पाठवावे केव्हा?

थंडी वाजून ज्वर व कुशीत शूल, मूत्र बंद होणे, रक्ताच्या गाठी पडणे किंवा सतत वमन होणे, यांपैकी काहीही दिसल्यास काढ्याची वाट न पाहता रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. रोध व संसर्ग एकत्र आल्यास काही तासांतही प्राणसंकट ओढवते. मार्ग पूर्ण रोधलेला असताना मूत्रल द्रव्ये दिल्यास वेदना व दाब वाढतात. यवक्षारासारख्या पोटॅशियमयुक्त क्षारांपूर्वी क्रिएटिनिन तपासलेले असावे.

पौरुषग्रंथीच्या शस्त्रकर्मानंतर दोन-तीन आठवड्यांनीही रक्तस्राव होऊ शकतो. पुढे काही महिन्यांनी धार बारीक झाली, तर ती वार्धक्याची खूण न मानता मूत्रमार्गसंकोचाची शंका घ्यावी. या रुग्णांत मलावष्टंभ व कुंथणे टाळण्यासाठी मृदू अनुलोमन हे आपले खरे क्षेत्र होय.

2020 च्या अधिसूचनेने शल्यतंत्राच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी 39 शस्त्रकर्मे नमूद केली, तेव्हा पुष्कळ वाद झाला. शस्त्र कोणी धरावे, हा प्रश्न महत्त्वाचा खराच. परंतु शस्त्र खाली ठेवल्यानंतर रुग्णावर लक्ष कोणी ठेवावे, या प्रश्नाचे उत्तर आपणा सर्वांपाशी आहे. पाणी, पथ्य, वेळेवर तपासणी आणि नोंदवहीतील एक तारीख, एवढ्याने एखाद्याचे वृक्क वाचू शकते.