एकतीस गुणांचं अंतर

या ९ जानेवारीला त्या रात्रीला तीन वर्षं झाली. लॉस एंजेलिसजवळच्या सोफाय स्टेडियममध्ये कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी आमचं टीसीयू, म्हणजे फोर्ट वर्थची टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी, जॉर्जियाविरुद्ध उतरलं आणि ६५-७ असं हरलं. अंतिम सामन्यात इतका एकतर्फी निकाल त्याआधी कधी लागला नव्हता. इथल्या मराठी मंडळींत फुटबॉलचा विषय निघाला की आजही कुणीतरी "पासष्ट-सात" म्हणतं आणि विषय संपतो. मला तो तिथे संपू द्यायचा नाही.

मध्यंतराला ३८-७ झाले होते. शेजारचे आजोबा आमच्याकडेच सामना बघायला आले होते. डोक्यावर विटलेली जांभळी टोपी. मी टीव्ही बंद करायला उठलो, तर ते हळूच म्हणाले, "एकतीसच आहेत." खोलीतल्या बाकीच्यांना काही कळलं नाही. मला कळलं आणि मी परत खाली बसलो.

ते कळायला जरा मागे जावं लागेल. टीसीयूने १९३८ साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं होतं. पुढच्या लांबलचक उताराबद्दल मला फारसं बोलायचं नाही. १९९५चा हंगाम संपला आणि जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स मोडली. टेक्सासमधली चार विद्यापीठं नव्या बिग ट्वेल्व्हमध्ये गेली, आम्हाला मात्र पंगतीतून उठवलं गेलं. १९९७मध्ये अकरा सामन्यांत आम्ही जिंकलो फक्त एक.

मी नोकरीसाठी फोर्ट वर्थला आलो २००३ साली. भाड्याचं घर स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. आजोबांकडे दोन तिकिटं असायची. आजी गेल्यापासून एक रिकामं राहायचं, तिथे त्यांनी मला नेलं. खेळ त्यांनी शिकवला आणि गॅरी पॅटरसनचा संघही त्यांनीच मला दाखवला.

नावाजलेली पोरं पॅटरसनच्या वाट्याला येत नसत. मग हा कोच दुसऱ्यांनी सोडून दिलेली पोरं घ्यायचा आणि त्यांना नव्याने घडवायचा. जेरी ह्यूज शाळेत चेंडू घेऊन पळायचा. पॅटरसनने त्याला बचावफळीत आणलं आणि पुढे तो देशातल्या नावाजलेल्या बचावपटूंमध्ये गणला गेला. टँक कार्डर लहानपणी मोटारअपघातात पाठ मोडून घेतलेला मुलगा. १ जानेवारी २०११ रोजी रोझ बोलमध्ये विस्कॉन्सिनच्या धिप्पाड संघाविरुद्ध आम्ही २१-१९ असे पुढे होतो आणि दोनच मिनिटं उरली होती. बरोबरीसाठी त्यांनी चेंडू फेकला. कार्डर उडाला आणि त्याने हाताच्या फटक्याने तो खाली पाडला. आजोबांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे वळ दिसत होता. तेराच्या तेरा सामने जिंकूनही आम्ही देशात दुसरेच राहिलो, कारण अजिंक्यपदाचा सामना ऑबर्न आणि ओरेगनला दिला होता. त्याच हंगामात ओहायो स्टेटचे अध्यक्ष गॉर्डन गी टीसीयू, बॉयसी स्टेटसारख्या संघांना उद्देशून जाहीरपणे म्हणाले होते की आम्ही काही गरीब नन्सच्या मठाशी खेळत नाही.

म्हणून २०१४ जास्त लागलं. प्लेऑफचं ते पहिलंच वर्ष, जागा फक्त चार. बेलरकडून ६१-५८ असा एक सामना गमावला होता, तोही शेवटच्या सत्रात एकवीस गुणांनी पुढे असताना. तरीही डिसेंबरमध्ये आम्ही तिसरे होतो. अखेरच्या शनिवारी आयोवा स्टेटला ५५-३ असं हरवलं आणि रविवारी निवड समितीने आम्हाला सहावं केलं. चौथी जागा गेली ओहायो स्टेटला. त्यांनी ५९-० जिंकून दाखवलं होतं आणि पुढे अजिंक्यपदही मिळवलं, हे मी नाकारत नाही. पण बावन्न गुणांनी जिंकलेला संघ एका रात्रीत तीन पायऱ्या खाली येतो, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. वर्षअखेरीस आम्ही ओल मिसला ४२-३ असं चिरडलं. त्या संघाला कुठेही उभं करायला हवं होतं.

आता ते एकतीस. २ जानेवारी २०१६, सॅन अँटोनियोचा अलामो बोल. पहिला क्वार्टरबॅक निलंबित, समोर ओरेगन आणि मध्यंतराला ०-३१. पॅटरसनने काळा शर्ट बदलून जांभळा घातला, राखीव क्वार्टरबॅक ब्रॅम कोलहाउसनने संघ ओढत नेला आणि तिसऱ्या जादा डावात आम्ही ४७-४१ जिंकलो.

३१ ऑक्टोबर २०२१ला, हंगाम चालू असतानाच, पॅटरसन टीसीयू सोडून गेले. १८१ विजय त्यांच्या नावावर. नवे कोच सनी डाइक्स आले आणि पहिल्याच वर्षी मिशिगनला ५१-४५ असं हरवून अंतिम सामन्यात पोहोचले. क्वार्टरबॅक मॅक्स डग्गनसारखा पोरगा त्या संघाचा जीव होता. पण जॉर्जियासमोर जी बचावफळी दुमडली, ती पॅटरसनची नव्हती. आजोबांच्या मनात असलेला तो दुसरा अर्धा डाव आलाच नाही. आमच्या नावावर एकही गुण न लागता जॉर्जियाने आणखी सत्तावीस केले. आजोबा मात्र शेवटच्या सेकंदापर्यंत उठले नाहीत. "पोरं अजून मैदानात आहेत," एवढंच म्हणाले.

२०२४पासून प्लेऑफमध्ये बारा जागा आहेत. आजचा नियम तेव्हा असता तर सहावा संघ आत गेला असता. पण दार उघडलं ते पैशाच्या बळावर. खेळाडू दरवर्षी विद्यापीठ बदलू शकतात. २०२५पासून विद्यापीठं खेळाडूंना वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर वाटू शकतात. पोरांना पैसा मिळावा, त्यांच्या अंगमेहनतीचा तो हक्कच आहे. पण सोडून दिलेला पोरगा घ्यायचा, तीन-चार वर्षं घडवायचा, ही रीत यात मेली. आज जेरी ह्यूज चमकला की पुढच्याच हंगामात मोठ्या घरी दिसेल.

पासष्ट-सात हा निकाल खरा आहे. त्या रात्री जॉर्जिया आमच्यापेक्षा फार मोठा संघ होता. हरल्याचं ते दुःख तीन वर्षांत बोथट झालं. २०१४ला मात्र आम्ही प्लेऑफमध्ये हरलो नव्हतो, आम्हाला तिथे खेळूच दिलं नव्हतं, आणि अकरा वर्षांनंतरही ते तसंच सलतं.