विश्लेषण : परदेशातले ‘डिझाइन थिंकिंग’ वाडीत कसे वापरता येईल?

नागपूरहून अमरावतीकडे निघाले की वाडी लागते. ट्रान्सपोर्टची कार्यालये, गोदामे आणि रस्त्याकडेला उभे ट्रक ही या गावाची ओळख. या गर्दीवर पटकन सुचणारे उत्तर एकच : पार्किंग बांधा. परदेशात ‘डिझाइन थिंकिंग’ शिकायला जाणाऱ्याला मात्र उत्तर देण्याआधी थांबायला शिकवतात.

ही पद्धत आहे तरी काय?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘डी. स्कूल’मुळे ही पद्धत जगभर पोहोचली. माणसांना समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, पर्याय सुचवा, स्वस्तातला नमुना बनवा आणि तो वापरणाऱ्याच्या हातात देऊन तपासा, असा तिचा क्रम. खरी कसोटी पहिल्या दोन पायऱ्यांवर लागते. २००७ मध्ये तिथल्या एका गटाला नवजात बाळांसाठी स्वस्त इन्क्युबेटर तयार करायचे होते. नेपाळमध्ये गेल्यावर लक्षात आले, की रुग्णालयातली यंत्रे रिकामी आहेत. बाळे खेड्यात, घरीच जन्मतात. मग इन्क्युबेटर बाजूला पडला आणि मेणासारखा पदार्थ वापरून बाळाला काही तास उबदार ठेवणारी पिशवी तयार झाली. हाच ‘एम्ब्रेस’ प्रकल्प.

विदर्भात असे कुणी केले आहे का?

केले आहे, आणि ‘डी. स्कूल’ सुरू होण्याच्या कितीतरी आधी. नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली. तो अभ्यास डिझाइनचा नव्हता. पण १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू करताना त्यांनी आधी लोकांना विचारले. आदिवासी रुग्णालयाला का बिचकतात? मोठ्या इमारतीची भीती, पांढरे कपडे, नातेवाइकांपासून ताटातूट अशी कारणे पुढे आली. म्हणून शोधग्रामचे रुग्णालय झोपड्यांच्या पाड्यासारखे उभे राहिले, नातेवाइकांना सोबत राहता येऊ लागले आणि नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे.

त्याहून बोलका नमुना श्वासमापकाचा. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मोजावे लागतात. पण गावच्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. सुईणींना आकडे शिकवत बसण्याऐवजी बंग दाम्पत्याने साधनच बदलले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची पाटी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनियाची शंका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी वेगळी रांग. साक्षरतेची अट न घालता निदान घरापर्यंत पोहोचले.

परिणाम दिसला का?

‘सर्च’च्या कार्यक्षेत्रात १९८८ मध्ये हजारी १२१ असलेला अर्भकमृत्यू दर २००३ पर्यंत ३० वर आला. गावातल्याच महिलांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बालसेवा देण्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले, २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत ही सेवा देशभर नेली. १९८६ ते २०११ हा हिशेब, पदवी घेऊन परतणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. परदेशी अभ्यासक्रमातला एखादा प्रकल्प काही आठवड्यांत आटोपतो. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवण्यापलीकडे ही पद्धत जात नाही, ही टीका त्यामुळेच होते.

मग वाडीत सुरुवात कुठून?

पार्किंगच्या नकाशाऐवजी ट्रकचालकापासून. तो रस्त्यावर का थांबतो? माल उतरवायचा नंबर लागला नाही म्हणून, जेवण-अंघोळीची सोय तिथेच आहे म्हणून, की गोदामाचे फाटक ठरावीक वेळीच उघडते म्हणून? प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा. कारण नंबराचे निघाले, तर दोन-चार गोदामांनी आठवडाभर माल उतरवायच्या वेळा वाटून घेऊन पाहता येईल. त्यासाठी लागेल एक वही, एक मोबाइल आणि चालकांशी रोज बोलणारा कुणीतरी.