झोप न मोडता स्वप्नात जागं होता येतं का?



मागच्या वेळी इथे वाळूजला आम्ही मांडूक्य उपनिषदातल्या जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय या अवस्थांबद्दल बोललो. संपताना एका तरुणाने विचारलं, ‘सर, स्वप्न चालू असतानाच हे स्वप्न आहे असं कळतं, ते कसं जमवायचं? व्हिडिओत रात्री तीनचा गजर लावायला सांगतात. आमची तर फर्स्ट शिफ्ट असते.’ आजचं सगळं बोलणं या प्रश्नाभोवतीच आहे, कारण त्यातली अडचण खरी आहे. इथली निम्मी वस्ती शिफ्टवर जगते. अपुऱ्या झोपेने मशीनवर उभं राहायचं, नाहीतर नगर रोडवरून गाडी चालवत घरी यायचं, हा काही गमतीचा मामला नाही.

आधी शब्दाचं बघू. ल्युसिड ड्रीम, आम्ही त्याला ‘सजग स्वप्न’ म्हणतो. सजग स्वप्न म्हणजे स्पष्ट किंवा महत्त्वाचं स्वप्न नव्हे, इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. आपल्याच जिल्ह्यातल्या देवगावच्या संत बहिणाबाई घ्या. त्यांना तुकाराम महाराजांचा अनुग्रह स्वप्नात झाला, आणि तसं त्यांनी आपल्या आत्मपर अभंगांत सांगितलंय. खुद्द तुकोबांनाही बाबाजी चैतन्यांकडून मंत्र मिळाला तो स्वप्नातच. ही स्वप्नं त्यांच्या आयुष्याला वळण देणारी होती. पण सजग स्वप्नाची कसोटी वेगळी, अगदी साधी आहे. स्वप्न चालू असताना ‘मी आत्ता झोपलोय आणि हे स्वप्न आहे’ एवढं कळलं पाहिजे. त्यात तुम्ही उडालात की नाही, देव दिसला की नाही, हा पुढचा भाग.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात एक मजेशीर पेच दिसतो. वेदान्तात स्वप्नाचा बाध होतो तो जाग आल्यावर. दोरी कळली की साप जातो, तसं. सजग स्वप्नात मात्र हा हत्ती खोटा आहे हे कळतं, आणि हत्ती तरीही समोर उभाच असतो! मग दोरी-सापाचा दृष्टान्त इथे लागू पडत नाही. जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक लाल दिसतो. तो लाल नाही हे माहीत असूनही लालच दिसत राहतो. तो दृष्टान्त जास्त जवळचा. गौडपादांच्या कारिकांमधलं वैतथ्य प्रकरण या अंगाने पुन्हा वाचून बघा. असो, हा विषय निघाला की आम्हाला थांबवावं लागतं.

हा शब्द रूढ केला डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक फान एडन यांनी, 1913 साली. पण ‘तुम्ही अर्धवट जागे असाल’ हा आक्षेप पुढे अनेक वर्षं टिकून होता. तो खोडला गेला 1975 मध्ये, इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, शरीराचे बहुतेक स्नायू लुळे पडतात, डोळे मात्र हलतात. कीथ हर्न यांच्या प्रयोगात अ‍ॅलन वर्स्ली नावाच्या माणसाने झोपेतून, आधी ठरवल्याप्रमाणे, डोळे डावीकडे-उजवीकडे हलवून खूण केली. यंत्र दाखवत होतं, माणूस गाढ रेम झोपेत आहे. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवलं.

आता झोपेकडे येऊ. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. पहिल्या फेऱ्यांमध्ये गाढ, बिनस्वप्नाची झोप जास्त असते. रेमचे तुकडे पहाटेकडे लांबत जातात. म्हणजे रात्री बाराला झोपून पाचला उठणाऱ्या माणसाचे जे दोन तास कापले जातात, ते नेमके स्वप्नांचे. त्याने गजर लावून आणखी अर्धा तास घालवला, तर ज्या शेतात पेरायचं तेच शेत विकल्यासारखं होईल. म्हणून आमचं पहिलं सांगणं आहे, आधी पूर्ण झोप. महिनाभर फक्त तेवढंच करा. स्वप्नं आपोआप जास्त आठवायला लागतील.

मग ते गजराचं काय? त्याला आधार आहे, नाही असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या डेन्हम अ‍ॅस्पी यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना पाच तासांनी उठवायला सांगितलं होतं. उठून त्यांनी लाबर्ज यांची युक्ती करायची, म्हणजे ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल’ असं मनात धरून पुन्हा झोपायचं. आठवडाभरात साधारण 17 टक्के प्रयत्नांत सजग स्वप्न पडलं. पण आम्हाला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. हा संकल्प केल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांचं यश 46 टक्क्यांच्या घरात गेलं. लवकर झोप लागणं आणि सजग स्वप्न पडणं हे हातात हात घालून चाललं. व्हिडिओवाले गजराचं सांगतात, हे सांगत नाहीत.

तर गजराशिवाय करायचं कसं? रात्री आपण तसेही एकदोनदा जागे होतोच. पाणी प्यायला, बाथरूमला. आमच्या वयात तर त्यासाठी वेगळा प्रयत्न लागत नाही! पहाटेची अशी एखादी जाग पकडायची. दिवा लावायचा नाही, मोबाईल बघायचा नाही. परत आडवं झाल्यावर नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं, त्यातली एखादी विचित्र गोष्ट पकडायची, तिथे ‘अरे, हे स्वप्न आहे’ असं आपल्याला कळतंय अशी कल्पना करायची. दोन-चार वेळा. मग सोडून द्यायचं आणि झोपायचं. संकल्प करता करता डोळा लागला तर उत्तमच. झोप उडतेय असं वाटलं तर त्या रात्रीपुरता नाद सोडावा. आठवड्यातून एक-दोनदा पुरे, तेही साप्ताहिक सुट्टीच्या पहाटे.

दिवसाचा अभ्यास फुकटचा आहे, त्यात झोपेचं काही जात नाही. काही चमत्कारिक घडलं की थांबून ‘हे स्वप्न तर नाही?’ असं खरोखर विचारायचं. पाटीवरची अक्षरं वाचायची, नजर हटवून पुन्हा वाचायची. स्वप्नात ती बहुधा बदलतात. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघायचा. स्वप्नात घेता येतो. यंत्रासारखं दिवसात पन्नास वेळा केलं तर उपयोग नाही, मनापासून चार वेळा केलं तर आहे. आणि उशाशी वही. उठल्याबरोबर कूस न बदलता आधी आठवायचं, मग लिहायचं.

नाईटवाल्यांसाठी वेगळं सांगतो. शिफ्ट बदलल्यावर पहिले काही दिवस हे काहीच करू नका, झोप बसू द्या. तुटक आणि अवेळी झोपेत अंग लुळं असतानाच जाग येण्याचा संभव वाढतो. छातीवर कोणी बसलंय, हलता येत नाही, असं वाटतं. ते भूत नाही, रेमचा लुळेपणा क्षणभर रेंगाळलेला असतो. मिनिटा-दोन मिनिटांत जातो. ज्यांना निद्रानाश आहे, किंवा खरं काय आणि भास काय यात गोंधळ होण्याचा आजार आहे, त्यांनी मात्र या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. आणि स्वप्नांसाठी म्हणून ऑनलाइन गोळ्या मागवू नका, बरं का. त्यातलं एक औषध स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना देतात.

मघाशी चिठ्ठी आली होती, ‘स्वप्न आहे हे कळलं की आनंदाने लगेच जाग येते, काय करावं?’ सुरुवातीला बहुतेकांचं असंच होतं. स्वप्नातच दोन्ही हात एकमेकांवर चोळावेत, पायाखालची जमीन निरखावी. लक्ष स्वप्नात गुंतलं की ते टिकायला मदत होते. तरी जाग आलीच, तर डोळे न उघडता तसंच पडून राहा. बऱ्याचदा तेच स्वप्न पुढे सुरू होतं. नाही झालं, तर झोप लागतेच.