घामाच्या ग्रंथीतलं नव्या कातडीचं बियाणं

आपल्या मोझरीकडचा उन्हाळा म्हणजे घामाच्या धारा. घामानं अंग गार राहतं, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण घामाच्या ग्रंथी आणखी एक काम करतात. भाजून किंवा खरचटून गेलेली कातडी त्या पुन्हा उगवून आणतात.

माणसाच्या अंगावर २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात. प्रत्येक ग्रंथी म्हणजे कातडीत खोल गेलेली बारीक नळी, तळाशी तिचं वेटोळं. तिच्यात मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल असतात, अगदी बियाण्यासारख्या. वरची कातडी गेली की त्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात, वर येतात आणि जखमेवर पसरतात. केसांच्या मुळाशीही असं बियाणं असतं. पण माणसाची जखम भरण्यात घामाच्या ग्रंथींचा वाटा मोठा आहे, हे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं.

म्हणून भाजल्यावर खरा प्रश्न असतो, किती खोल भाजलं? वरवर भाजलं तर ग्रंथी शाबूत राहतात आणि दोन-तीन आठवड्यांत कातडी येते. खोल भाजलं तर बियाणंच जळतं. मग मांडीची पातळ कातडी काढून तिथं लावतात. मांडीची जागा पुन्हा भरून येते, कारण तिथल्या ग्रंथी खाली तशाच असतात. लावलेल्या कातडीला मात्र नीट घाम येत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हात त्या माणसाला फार जपावं लागतं. फारच भाजलं असेल, तर मरणोत्तर दान केलेली त्वचा काही दिवस जखमेवर झाकण म्हणून लावतात. त्यासाठी मुंबईच्या सायन रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली.

आता आपल्या हातातलं सांगते. वरणाचा गंज सांडला, तेल उडालं, तर आच बंद झाली तरी कातडीतली उष्णता आत उतरतच असते. म्हणून लगेच २० मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. बांगड्या, अंगठ्या सूज येण्याआधी काढा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका, फोड फोडू नका. स्वच्छ कापडानं झाका आणि दवाखाना गाठा. चेहरा, हात भाजले असतील, किंवा भाजलेली जागा पांढरी पडून दुखतच नसेल, तर जरासुद्धा थांबू नका. दुखत नाही म्हणजे बरं आहे असं नाही, ते खोल भाजल्याचं लक्षण आहे.