गंडमाळ : मानेवरची न दुखणारी गाठ

क्षय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खोकणारा, खंगलेला माणूस उभा राहतो. पण हा रोग मानेतही होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याला आपल्याकडे जुने नाव आहे गंडमाळ. मानेतल्या लसीका ग्रंथी सुजून माळेतल्या मण्यांसारख्या दिसतात, म्हणून हे नाव.

चेहऱ्यावर व मानेवर सूज आणणारे जंतू अनेक आहेत. किडलेल्या दाढेमुळे गालावर किंवा जबड्याखाली येणारी सूज एक-दोन दिवसांत वाढते. ती लाल, गरम व ठणकणारी असते. तोंड उघडेना, गिळता येईना वा श्वास कोंडू लागला, तर तत्काळ इस्पितळ गाठावे. गंडमाळेची चाल नेमकी उलट. ती आठवडे-महिने घेते आणि बहुधा दुखत नाही. आत पू झाला तरी ठणका नसतो. म्हणून त्याला 'थंड गळू' म्हणतात. न दुखणाऱ्या गोष्टीकडे माणूस दुर्लक्ष करतो, आणि तिथेच घात होतो.

खराडीत माझ्या चुलत बहिणीला अशी गाठ आली. आधी लेप झाले, मग साध्या गोळ्या, शेवटी एकाने चीर दिली. जखम तीन महिने वाहत राहिली. थंड गळू चिरले की हा धोका असतोच. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, म्हणून तपासणीचे कागद माझ्याकडे आले आणि मी हा विषय वाचू लागले.

निदानाची वाट सरळ आहे. गाठीत बारीक सुई घालून द्रव काढतात व सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यातले जंतू वाढवून पाहायला काही आठवडे लागतात. जनुकीय चाचणी मात्र सुमारे दोन तासांत उत्तर देते आणि रिफॅम्पिसिन हे औषध लागू पडेल की नाही तेही सांगते. छातीचा एक्स-रे काढतात. कर्करोगाची गाठही अशीच दिसू शकते, म्हणून नुसत्या अंदाजावर विसंबून चालत नाही.

एके काळी युरोपात राजाच्या स्पर्शाने हा रोग जातो असा समज होता. 1712 साली लहानग्या सॅम्युएल जॉन्सनला त्यासाठी अ‍ॅन राणीपुढे नेले होते. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला. पण जंतू सापडला तरी औषध नव्हते; 1887 साली पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी क्षयाने गेल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आज साधारण सहा महिन्यांच्या औषधांनी गंडमाळ बरी होते. मध्येच गाठ थोडी वाढली तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळ्या सोडू नयेत. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत आहेत. नोव्हेंबर 2024 पासून आहारासाठी दरमहा 1000 रुपयेही मिळतात.

राहिला प्रश्न लोकांच्या बोलण्याचा. फुप्फुसात क्षय नसेल, तर नुसत्या मानेच्या गाठीपासून तो सहसा दुसऱ्याला होत नाही. तरीही लग्न जमणार नाही या भीतीने मुली ओढणीआड गाठ लपवतात. मैत्रिणींनो, दोन आठवड्यांत न गेलेली गाठ लपवू नका, दाखवा.