बर्फ वितळलं की नडगी का ठणकते?

अमेरिकेतल्या मिनेसोटात शाळांचा स्कीइंगचा हंगाम फेब्रुवारीत संपतो. मार्चमध्ये धावण्याचा सराव सुरू होतो. हिवाळाभर बर्फावर घाम गाळलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना दम लागत नाही, पण काहींच्या नडगीची आतली कड थोड्याच दिवसांत बोट लावताच ठणकते. असं का?

स्की घसरते, आपटत नाही. त्यामुळे हृदय-फुप्फुसं तयार होतात, हाडांना मात्र दणक्यांची सवय उरत नाही. धावताना दर पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. मग हाड स्वतःची डागडुजी काढतं: रस्त्याच्या कामासारखं आधी जुनं उखडायचं, मग नवं भरायचं. उखडणं आठवड्यांत उरकतं, भरायला महिने लागतात. तोवर हाड नाजूक. म्हणून सुरुवातीला धावणं बेतानं, सायकल जास्त. एकाच जागी टोचू लागलं, तर डॉक्टरांना दाखवावं.