अवर मीटरला न दिसणारी झीज

स्किड स्टिअर लोडरची चाकं वळत नाहीत, यंत्रच वळतं. इंजिन दोन हायड्रॉलिक पंप चालवतं, प्रत्येक पंप आपल्या बाजूच्या मोटरला तेल देतो आणि मोटरचा जोर बहुतेक यंत्रांत चेनमधून पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना मिळतो. एक बाजू पुढे, दुसरी मागे फिरवली की टायर जमिनीवर आडवे घासतात आणि धूड जागच्या जागी फिरतं. मिनेसोटातल्या सिरिल आणि लुई केलर या भावांनी 1957 साली टर्कीच्या शेडमधली घाण काढायला याचा तीनचाकी पूर्वज बनवला, तोही अडचणीच्या जागेत फिरावा म्हणूनच. ज्या गुणासाठी यंत्र घ्यायचं तोच गुण त्याचा ड्राइव्ह खातो. त्यामुळे चाललेले तास मोजणाऱ्या नुसत्या अवर मीटरवर देखभाल सोडणं मला पटत नाही.

ढोकी, रांजणी अशा साखर कारखान्यांच्या धाराशिव जिल्ह्यात तर नाहीच. मोकळ्या मातीत टायर सरकतो आणि ताण तिथेच सुटतो. बगॅस (उसाचा चोथा) साठवणाऱ्या यार्डाच्या काँक्रीटवर तो चेन, स्प्रॉकेट आणि बेअरिंगवर येतो. मीटरला दोन्हीकडचा तास सारखाच. कंपनीचं वेळापत्रक असताना हे कशाला, असं कोणी म्हणेल. वेळापत्रक पाळावंच, पण ती कमाल मर्यादा आहे. दुसरा युक्तिवाद काटकसरीचा: झिजला तो एकच टायर बदलायचा. इथे तो महागात पडतो. एका बाजूची दोन्ही चाकं चेनने बांधलेली, फेरे सारखेच घेणार. घेर वेगळा असला तर दर फेऱ्याला एक चाक दुसऱ्याशी भांडतं. निदान त्या बाजूची जोडी तरी सारखी हवी, आणि हवेचा दाबही.

चेन तेलातच बुडालेली असते, तिला काय होणार? गंजत नाही, हे खरं. पण बंद पेटीतली, म्हणजे चेनकेसमधली, ढिलाई दिसतही नाही. बकेट खाली टेकवून, यंत्र मजबूत ठोकळ्यांवर घेऊन, इंजिन बंद करून, चावी काढून एकेक चाक हाताने मागेपुढे हलवावं. दोन्ही बाजूंच्या खेळातला फरक बरंच सांगून जातो. काढलेल्या तेलात चुंबक फिरवला आणि बारीक कीस लागला तर झीज नेहमीची. तुकडे लागले तर पेटी उघडायची. तेल दुधाळ झालं तर आत पाणी गेलंय. पातळी घटली तर संशय ॲक्सलच्या सीलवर. पातळी वाढली की मात्र लोक खूश होतात, आणि ती खरी धोक्याची खूण: मोटरचं सील गळून हायड्रॉलिक तेल चेनकेसमध्ये उतरत असतं. दाबाखालच्या नळीची गळती शोधताना हात लावू नये, पुठ्ठा धरावा; बारीक धार कातडीत घुसते.

सकाळी जोमात ओढणारं यंत्र दुपारी मलूल पडलं की दोष इंजिनला दिला जातो. आधी कूलर पाहावा. बगॅसचा भुसा जाळीत बसतो, तेल तापून पातळ होतं आणि पंप-मोटरच्या आतच निसटू लागतं. मराठवाड्याच्या उन्हात हे लवकर घडतं.

हंगामात यंत्र थांबवणं परवडत नाही, ही तक्रार मात्र वाजवी आहे. पण कूलरवर हवा मारणं, चाकांचे नट तपासणं, पातळी पाहणं पाळी बदलताना होतं. चाकं उचलण्याचं काम गाळप साफसफाईसाठी थांबतं तेव्हा करावं. त्या वेळी लोडरही मोकळाच असतो.